केशरबाईची ओ

माझ्या तंबूत तीस वर्षांत हजारो माणसं बसली, पण पडद्याकडं पाठ करून बसलेली बाई एकच. तिकीट काढायची, बायकांच्या बाजूला सगळ्यात पुढं जाऊन आवाजाच्या पेटीला खेटून बसायची आणि तोंड लोकांकडं करायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, ही बाई एकतर खुळी आहे नाहीतर घरून भांडून आलेली आहे. दारावरच्या गड्याला म्हटलंही, "ध्यान ठेव बे, ही मागून बोंब मारणार की पिच्चर दिसलाच न्हाई." तिनं काही बोंब मारली नाही. पिच्चर संपल्यावर उठली, लुगडं झटकलं आणि गेली. ती केशरबाई.

आधी थोडं माझं सांगतो, कारण माझ्या धंद्याशिवाय तिची गोष्ट कळायची नाही. मी बद्रीनाथ, आष्टीचा. लिंबागणेशच्या गणपतीपुढं नारळ फोडून 'श्री गणेश टुरिंग टॉकीज' काढली आणि ट्रकमधून तंबू, यंत्र आणि जनरेटर घेऊन जत्रा पालथ्या घातल्या. शिवरात्रीला परळी, चैत्रात आष्टीकडची गावं. देवाच्या पिच्चरला बाया यायच्या, मारामारीच्या पिच्चरला गडी यायचे. भुताच्या पिच्चरला मात्र सगळं गाव यायचं आणि घरी जाताना एकमेकांचा हात धरून जायचं. माझं घर देवापेक्षा भुतानं जास्त चालवलं, खोटं कशाला बोलू?

त्यातही 'ओ देऊ नको'. चौऱ्याहत्तर साली पहिला भाग आला आणि पुढच्या वीस वर्षांत सहा भाग झाले. प्रत्येक भागाच्या शेवटी भूत जळायचं, बुडायचं, नाहीतर मांत्रिक त्याला बाटलीत कोंबायचा. पुढच्या भागात ते पुन्हा हजर. भुताला मरण नाही आणि निर्मात्याला लाज नाही, कोण काय करणार? सहाव्या भागात तर बिचारं भूतच कंटाळलेलं दिसत होतं.

गोष्ट एवढीच होती. आपल्याकडं लहानपणापासून सांगतात की शिवारात कोणी हाक मारली तर लगेच ओ देऊ नये. भुताला दोनच हाका मारता येतात, तिसरी हाक जित्या माणसाची. पिच्चरमध्ये कोरड्या तळ्याच्या काठावरून हाक यायची, "हायेस का गंऽऽ?" थोडं थांबून पुन्हा, "हायेस का गंऽऽ?" दुसऱ्या हाकेला जिनं ओ दिली ती संपली. ही हाक आली की तंबूतली लेकरं आईच्या कुशीत शिरायची आणि मिशीवाले गडी उगीच खोकायचे. फारच रडारड झाली तर मी पडद्याचं टोक उचलून मागची बाजू दाखवायचो. "बगा, हाय का कोणी? एक बाभळ हाय आन् आमचा जनरेटर हाय." पडद्यामागं कोणी नसतं हे माझ्याइतकं बीड जिल्ह्यात दुसऱ्या कोणी दाखवलं नसेल.

आणि ती हाक केशरबाईच्या नवऱ्याची होती.

हे कसं झालं ते तिनंच मला सांगितलं. बाहत्तरचा दुष्काळ होता. आष्टीच्या अलीकडं डोंगराच्या उतारावर बाभळखुंट म्हणून गाव आहे. तिथं सरकारनं पाझर तलावाचं काम काढलं होतं. पाच-सात गावची माणसं खडी फोडायला आणि माती वाहायला जमली होती. दुपारी सुकडी मिळायची, ती खायची आणि पुन्हा टोपली उचलायची. केशरबाई आणि तिचा नवरा रामहरी दोघंही त्याच कामावर होते. लग्नाला दोन वर्षं झाली होती. रामहरीचं अंग किडकिडीत, आवाज मात्र देवानं दोन माणसांचा एकालाच दिलेला. मुकादमाची शिट्टी हरवली तेव्हापासून सुट्टीची आरोळी तोच ठोकायचा. या टेकडीवरून ठोकली की त्या टेकडीवरची माणसं टोपली खाली ठेवायची.

तिथं मुंबईची पिच्चरची मंडळी आली. त्यांना भकास माळ हवा होता, तो आम्ही फुकटात तयार करून ठेवला होता. त्यांच्यातल्या आवाज भरणाऱ्या माणसानं रामहरीची आरोळी ऐकली आणि त्याला बांधावर उभं केलं. म्हणाला, "आपल्या बायकोला हाक मारतोस तशी मार."

आता आली का पंचाईत! त्या काळी नवरा बायकोचं नाव चारचौघांत घेत नसे आणि बायको नवऱ्याचं घ्यायची ती फक्त उखाण्यात. कामाच्या गर्दीत बायको दिसली नाही की रामहरी म्हणायचा, "हायेस का गं?" आणि ती असेल तिथून ओ द्यायची. त्या दोघांची एकमेकांना तेवढीच नावं होती. हजार बायकांत तिला बरोबर कळायचं की ही हाक आपली.

रामहरीनं बांधावरून हाक मारली. केशरबाई समोरच डोक्यावर टोपली घेऊन उभी होती. बाकीच्या बाया तिला चिमटे काढत होत्या, ती लाजून गप्प राहिली. त्यानं दुसरी हाक मारली, ही अजून गप्प. तिसरी मारताना त्याला तिचं लाजणं दिसलं आणि हाकेच्या मधेच तो हसला. मग मात्र हिला राहवलं नाही. हिनं जी ओ ठोकली ती सगळ्या तळ्यानं ऐकली. कामावर हशा पिकला. आवाजवाला तेवढा वैतागला, कारण हसणारं भूत त्याच्या काय कामाचं? त्यानं पहिल्या दोन हाका घेतल्या, रामहरीला तीन सेलची बॅटरी बक्षीस दिली आणि मंडळी निघून गेली.

शहरात दोन वर्षं घासून झाल्यावर तो पिच्चर माझ्या तंबूत आला. बाभळखुंटाचं गाव लोटलं होतं. पहिली हाक आली, तंबूत किंकाळी उठली आणि गड्यांच्या बाजूला एक किडकिडीत माणूस ताडकन उठून म्हणाला, "आवं, भेता काय, मीच हाय त्यो!" लोक आणखीच भ्याले. त्या दिवसापासून रामहरीनं गावात कोणाला हाक मारली तरी लोक तिसऱ्या हाकेची वाट बघत. आधी गंमत म्हणून, मग सवय म्हणून. केशरबाईही त्याला छळायची. दोन हाकांना गप्प बसायची आणि तिसरीला ओ द्यायची. "भूत वाटलो व्हय गं तुला?" म्हणून तो चिडायचा आणि लगेच हसायचा. नवराबायकोचा तो एक खेळच झाला होता. त्या सुखाच्या दिवसांबद्दल ती एवढंच सांगायची, दुसरं काही नाही.

एकोणऐंशीच्या हिवाळ्यात दोघं नेहमीसारखी नगरकडच्या एका सहकारी कारखान्यावर ऊस तोडायला गेली. बाहत्तरनंतर आमच्या भागातली अर्धी गावं दसरा झाला की बैलगाडीत संसार घालून तिकडं जायची. कारखान्यावर नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. त्या सकाळी धुकं होतं. रामहरी भरलेली गाडी घेऊन पाटाच्या कडेनं निघाला होता आणि केशरबाई उसाच्या अलीकडं मोळ्या बांधत होती. तिच्या शेजारी तिची भावजय चंद्रभागा होती. मधे सगळा उभा ऊस.

उसापलीकडून हाक आली. "हायेस का गंऽऽ?"

चंद्रभागा म्हणाली, "आवं वन्सं, बोलवालेत न्हवं?"

केशरबाई हसली. "हाकू दे अजून."

दुसरी हाक आली. ती जरा ओढलेली होती. केशरबाईला वाटलं, आज भलतेच चिडलेत. ती हातातली मोळी आवळत तिसऱ्या हाकेची वाट बघत राहिली. मोळी बांधून झाली, तिसरी हाक आली नाही. मग पलीकडून माणसांचा गलका आला. पाटाची कड ढासळून गाडी कलंडली होती आणि रामहरी उसाखाली गेला होता.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, छाती पार दबली होती, या माणसानं दोन हाका मारल्या हेच नवल. बाई लगेच धावली असती तरी काही उपयोग नव्हता. लोकांनी तिला हे शंभरदा सांगितलं. ती मान हलवायची. वाचवण्याचा तिचा हट्टच नव्हता. पण माणूस 'हायेस का' म्हणून विचारत होता आणि आपण असून गप्प बसलो, हे तिच्या घशात अडकलं ते अडकलंच.

पुढं वीस वर्षं ती भाऊ गहिनीनाथ आणि चंद्रभागा यांच्याबरोबर अर्धा कोयता म्हणून तोडीला गेली. एकट्या माणसाला कारखान्यावर हेच म्हणतात. लेकीला परळीला दिली, जावई तिथल्या थर्मल वीजकेंद्राच्या राखेच्या गाडीवर. रामहरीचा एकही फोटो नव्हता. तीन सेलची बॅटरी गंजून गेली. उरली ती पिच्चरमधली हाक. निर्माता चिक्कू असल्यानं पुढच्या प्रत्येक भागात त्यानं तीच हाक वापरली. त्याच्या चिकटपणाला मी आयुष्यात एवढा एकदाच हात जोडला.

म्हणून ती पडद्याकडं पाठ करून बसायची. पडद्यावर त्या हाकेला भुलणारी पांढऱ्या साडीतली कोणीतरी बया असायची, तिच्याशी केशरबाईला काय करायचं? तिला आवाज हवा होता. हाक आली की सगळा तंबू भेदरायचा आणि ती पदराचा बोळा तोंडात धरायची. हे मला तिसऱ्या भागाच्या वेळी कळलं. मी पिच्चर संपल्यावर तिला गाठलं आणि जरा दरडावूनच विचारलं, "बाई, तुमी कावून असं उलटं बसता?" तिनं सगळं सांगितलं. मी माझ्या जिभेला शिव्या दिल्या. तेव्हापासून 'ओ देऊ नको' चा कुठलाही भाग माझ्याकडं आला की मी बाभळखुंटाला निरोप धाडायचो, केशरबाईला म्हणावं तुमचा पिच्चर आलाय. आमच्या जत्रा चैत्रात आणि तोडीची माणसंही तेव्हाच परततात, म्हणून जमायचं.

एकदा मला मोठा शहाणपणा सुचला. पंच्याऐंशीची गोष्ट. दुपारची वेळ, तंबू रिकामा होता. उन्हानं पडद्यावर चित्र दिसत नव्हतं, पण आवाजाला उन्हाचं काय! मी केशरबाईला बोलावून बसवलं आणि हाकेचं रीळ लावलं. दोन हाका झाल्या. मी रीळ मागं फिरवलं आणि पुन्हा चालू केलं. म्हणजे बघा, तिसरी हाक झाली का नाही? द्या म्हणावं आता ओ आणि व्हा मोकळ्या. मी यंत्रापाशी उभा राहून स्वतःवरच खूश होतो.

केशरबाई उठून माझ्याकडं आली. डोळ्यात पाणी नव्हतं, राग होता.

"भाऊ, ही पुन्ना पैलीच हाय."

"तीच की हो, पर मोजली तर तिसरी न्हाई का?"

"मोजून काय करता? पैलीला ते बांधावर सरळ हुबे हायेत. दुसरीला जरा वाकलेत. मला समदं कळतंय. तिसरीला ते हासले हुते. ती ह्यात न्हाई. चाळवू नगा मला."

मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. गेली ती आणि मी उगीच त्या पडद्यामागं जाऊन आलो. बाभळच होती.

अठ्ठ्याण्णव साली मी तंबू मोडला. घरोघर टीव्ही आले, भूत खाटेवर बसून दिसायला लागलं. 'ओ देऊ नको' ची कंपनीही तोवर बुडाली होती. केशरबाईची हाक गेली. रस्त्यात कधी भेटली तर ती विचारायची, "भाऊ, सातवा न्हाई का येनार?" मी म्हणायचो, सहाव्यानंच लोकांनी हात टेकले, सातवा कोण काढतंय? ती नुसती हं म्हणायची. पुढच्या वेळी पुन्हा तेच विचारायची. भुताचा पुढचा भाग यावा म्हणून देवाला साकडं घालणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही.

तेराला पुन्हा तसाच दुष्काळ पडला. बाभळखुंटाच्या तळ्याला भेगा पडल्या आणि गावच्या दूध संस्थेनं तळ्याच्या पोटातच चारा छावणी उघडली. मी तिथं चारा वाटायच्या कामावर होतो. जनावरांना सावली म्हणून माझाच जुना तंबू उसवून टाकला होता. केशरबाई एक गाय घेऊन छावणीत राहायला आली होती. साठीला आलेली, पण पाठ ताठ.

आणि त्या तळ्यावर पुन्हा मुंबईची मंडळी आली! एका तरुण दिग्दर्शकानं जुन्या कंपनीकडून हक्क घेतले होते. चाळीस वर्षं झाल्यानिमित्त 'ओ देऊ नको' चा सातवा भाग काढायचा होता आणि त्याला पहिल्या भागातलंच तळं हवं होतं. मी बातमी सांगायला धावत गेलो तर केशरबाई माझ्या आधी तिथं पोचलेली. मुलगा पुण्याला शिकलेला, बोलायला गोड. त्यानं तिला खुर्ची दिली. ती खाली बसली.

"हाक तीच ठिवनार न्हवं?" तिनं विचारलं.

"नाही आजी, तो आवाज आता चालणार नाही. खरखर फार आहे. आम्ही एका मोठ्या नटाचा आवाज घेतलाय."

केशरबाईचं तोंड उतरलं. पण बाई हार जाणारी नव्हती. "मग भूतबी नवंच घ्या की. आमचं कशाला घेता?"

मुलगा हसला. तिनं मग त्याला सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच, बांधावरच्या तीन हाकांपासून उसातल्या दोन हाकांपर्यंत. त्याचं हसणं थांबलं.

"तिसरी हाक आहे? कुठल्याच भागात नाही ती."

"न्हाई, कारन ते हासले. हासनारं भूत नको हुतं त्यांना. पर त्या यंत्रात ती गेली हाय. मी म्होरंच हुबी हुते की." तिनं त्याचा हात धरला. "लेकरा, मला येकदा ओ द्यायचीय रे. चौतीस वरसं झाली, तोंडात धरून बसलेय."

मी तिकडं तोंड फिरवून गाईंकडं बघत राहिलो.

मुलगा म्हणाला की कंपनीच्या जुन्या ध्वनिफिती एका गोदामात पडल्यात, निम्म्यांना बुरशी लागलीय. "सापडली तर बघतो. शब्द देत नाही, आजी." मंडळी आठ दिवस राहून गेली. पाऊस झाला, छावणी उठली. एक वर्ष गेलं, त्याचा ना निरोप ना काही. माझं मत मी केशरबाईला सांगून टाकलं होतं, मुंबईवाल्यांचं बोलणं म्हणजे बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. ती म्हणाली, "भुकेल्याला तीबी गोड लागती, भाऊ."

चौदाच्या उन्हाळ्यात पिच्चर बीडला लागला. आम्ही दोघं सकाळच्या एसटीनं गेलो आणि बाराचा खेळ धरला. थिएटरात आम्ही आणि दहाबारा कॉलेजची पोरं. केशरबाईनं तंबूतल्या सवयीनं चपला काढून खाली ठेवल्या आणि खुर्चीवर मांडी घालून बसली. पडद्याकडं पाठ करायला जागा नव्हती म्हणून तिनं डोळे मिटले.

पिच्चरबद्दल काय सांगू? नुसता धुरळा आणि कानठळ्या. अर्धा तास झाल्यावर पहिली हाक आली. "हायेस का गं?" खर्जातला, भिंती हलवणारा आवाज. नटाचा.

केशरबाईनं डोळे उघडले. "हे न्हाईत," ती म्हणाली.

मी तिला म्हटलं, थांबा अजून. तासाभरानं दुसरी हाक आली. तोच नट, जास्त ढणढणाट. पोरं शिट्ट्या मारत होती. केशरबाईनं पुन्हा डोळे मिटून घेतले. पिच्चर संपत आला, भूत जळायला लागलं, तशी ती हळूच म्हणाली, "चला भाऊ. येष्टी चुकंल." मला त्या दिग्दर्शकाची गचांडी धरावीशी वाटत होती. बापाच्या पैशानं शिकून आला आणि एका म्हातारीचं एवढं काम होईना त्याच्याच्यानं! आम्ही उठलो. तिची एक चप्पल सापडली, दुसरी अंधारात कोणाच्या तरी लाथेनं पुढं गेलेली. मी वाकून खुर्च्यांखाली हात घालत होतो आणि मनातल्या मनात सगळ्या मुंबईला शिव्या देत होतो.

तेवढ्यात सगळा गोंगाट थांबला. पडद्यावर नुसतं कोरडं तळं होतं. मग खरखर ऐकू आली, जुन्या फितीची. ती मी झोपेतही ओळखेन. खरखरीच्या मागं खडी फोडल्याचे ठोके, बायकांची कुजबुज, कोणाची तरी टोपली आपटल्याचा आवाज. बाहत्तर सालची आमची माणसं होती ती, त्यातली किती गेली. आणि त्यातून लांबून, बांधावरून,

"हायेस का गंऽऽ?"

मधेच हसू फुटलेलं. मोकळं, लाडाचं हसू. पडदा काळा झाला आणि सगळं गप्प झालं.

केशरबाई मधल्या वाटेत उभी होती, हातात एक चप्पल घेऊन. तिनं मान वर केली आणि ओ दिली.

"ओऽऽऽ! हाय की वोऽऽ! हितंच हायऽऽ!"

त्या बाईच्या छातीत एवढा आवाज असेल असं मला वाटलं नव्हतं. एका शिवारातून दुसऱ्या शिवारात जाईल असा आवाज. पुढच्या पोरांतला एक जण किंचाळला. बाकीचे हसायला लागले. मी त्यांच्यावर असा काही खेकसलो की दिवे लागले तेव्हा रांगेत कोणी उरलं नव्हतं. पडद्यावर नावांची यादी वर सरकत होती. त्या दिग्दर्शक पोरानं त्यात रामहरीचं नाव घातलं होतं. मी केशरबाईला ते वाचून दाखवलं. नवऱ्याचं नाव ऐकून ती साठ वर्षांची बाई नव्या नवरीसारखी लाजली आणि तिनं पदर ओढून घेतला.

दुसरी चप्पल सापडली. मी ती तिच्या पायापाशी ठेवली. ती घालायची सोडून ती पडद्याकडं बघत होती, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नीट समोरून.

"भाऊ," तिनं विचारलं, "ऐकू गेली आसंल का वो?"

पडद्यामागं कोणी नसतं, हे दाखवण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्या माणसाला ती हे विचारत होती. मी थिएटरचा तो पांढरा पडदा पाहिला. त्याचं टोक उचलायची माझी छाती झाली नाही.

"गेली की," मी म्हणालो. "आवं, म्हनून तर हासले."